बिल मागितल्याशिवाय यायचं नाही

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की जहांगीर आर्ट गॅलरीत शिरलो की अजूनही पाय आपोआप तिथल्या सामोवार कॅफेकडे वळतात आणि मग आठवतं की अरे, ते तर 2015 लाच बंद झालं. एवढंच. एक ओळ. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की या महिन्याचे रंग, कॅनव्हास, फ्रेमिंगवाले प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, ज्यांचे राहिले त्यांनी राग मानू नका. यावेळी फक्त मुंबईतला फोर्ट, काळा घोडा आणि तिथे आता नसलेली टेबलं.

प्रश्न : मागच्या महिन्यात लेकीला घेऊन जहांगीरला गेले होते. तिला म्हटलं, इथे सामोवार होतं, तुझे बाबा आणि मी लग्नाआधी इथे यायचो. ती म्हणाली, आई, कॅफे आता गल्लोगल्ली आहेत, त्यात एवढं काय होतं? मला काही सांगताच येईना. तुम्ही सांगा. (डोंबिवली)

ताई, तुमच्या लेकीचं चुकलं नाही. वर्णन करायला गेलं तर सामोवार म्हणजे एक चिंचोळी जागा. रेल्वेचा डबा कसा लांबच्या लांब असतो तशी, आणि त्या डब्याच्या एका बाजूला शेजारच्या म्युझियमची बाग. बस. 1964 साली उषा खन्ना यांनी ते सुरू केलं (संगीतकार उषा खन्ना वेगळ्या, नाव सारखं आहे म्हणून दरवेळी कोणीतरी घोळ घालतंच), नाव ठेवलं रशियन लोकांच्या चहाच्या त्या नळवाल्या भांड्याचं. पराठे, भजी, रोल, पुदिन्याचा चहा आणि थंडगार बिअर. संध्याकाळी लवकर आवरायचं, रविवारी बंद. म्हणजे बघा, बिअर मिळायची पण रात्र नव्हती. मला वाटतं सामोवारची अर्धी गंमत त्यातच होती, ती दुपारची बिअर होती, समोर ऊन किंवा पाऊस आणि हिरवळ, आणि सातच्या पुढे तुम्ही चर्चगेटला गाडीत, घरी जेवायला हजर.

मी पहिल्यांदा गेलो ते जेजेच्या, म्हणजे जे.जे. आर्ट स्कूलच्या, शेवटच्या वर्षाला. एकवीस पूर्ण झाली होती त्यामुळे बिअर मागवण्याचा कायदेशीर हक्क मिळालेला आणि त्याचा भारी रुबाब. जुलै महिना, आम्ही चौघं, जेजेवरून हुतात्मा चौकातून चालत निघालो ते मध्येच धो धो सुरू झाला, छत्री एकाकडेच, जहांगीरला पोचेपर्यंत चौघंही निथळत होतो. चौघांत मिळून चाळीस रुपये. खिशात हात घालून घालून मोजलेले. एक बिअर आणि एक प्लेट भजी. साडेसहाशे मिलीची बाटली चौघांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे मिलीच्या आसपास येते, म्हणजे दोन कटिंग चहांएवढी, आणि ती आम्ही अडीच तास पुरवली. अडीच तास! मित्र तर ग्लास ओठाला लावून नुसता फेस पुसायचा आणि खाली ठेवायचा. आजूबाजूला लोक येतायत, जागा नाही म्हणून दारात उभे आहेत, आणि आम्ही चार ओले काटकुळे पोरगे टेबल अडवून बसलोय.

मी सारखा वेटरकडे बघत होतो, आता येईल, आता बिल ठेवेल, आता म्हणेल उठा. तो आला, पाण्याच्या जगमधून पाणी ओतलं, रिकामी प्लेट उचलली, गेला. परत आला, परत पाणी. शेवटी आम्हीच ओशाळून बिल मागितलं तर म्हणतो, "बारिश तो रुकने दो."

हे मी तेव्हापासून किमान शंभर जणांना सांगितलंय आणि प्रत्येकाकडे त्याचं स्वतःचं असंच काहीतरी असतं. बिल मागितल्याशिवाय यायचं नाही. आता आमच्या घराजवळ जे कॅफे आहे तिथे कॉफी यायच्या आधी पैसे भरायचे आणि कप रिकामा झाला की तो पोरगा येऊन विचारतो, सर, एनिथिंग एल्स? बिचाऱ्याला तसं शिकवलंय, त्याचा काय दोष. पण ते "एनिथिंग एल्स" म्हणजे उठा, हे मलाही कळतं आणि त्यालाही.

आणि एक. आमच्यासारख्यांसाठी ते गॅलरीच्या आत होतं याला फार महत्त्व होतं. बाहेर भिंतीवर कोणाचं तरी प्रदर्शन लागलेलं असायचं, जहांगीरचं बुकिंग मिळायला लोक वर्षानुवर्षं थांबतात, म्हणजे त्या माणसाचा तो आयुष्यातला आठवडा असायचा. चित्र विकलं गेलं की शेजारी लाल ठिपका लागतो. शनिवार आला आणि ठिपका नाही अशी माणसं पुदिन्याच्या चहात साखर ढवळत बसलेली मी पाहिलीत. पाच मिनिटं ढवळत. आणि दोन ठिपके लागले म्हणून ओळख ना पाळख शेजारच्या टेबलाला भजी पाठवणाराही पाहिलाय, ते शेजारचं टेबल आमचंच होतं. हुसेन यायचे हे सगळेच सांगतात. मला कधी दिसले नाहीत, माझं नशीब.

लेकीला एवढं सांगा की तिथे आई-बाबा दोन चहांवर तीन तास बसायचे आणि कोणी उठवायचं नाही. बघा काय म्हणते ते.

प्रश्न : एवढी गर्दी होती, एवढं नाव होतं, तर बंद का पडलं? चालत असलेलं दुकान कोण बंद करतं? (नाशिक)

मित्रा, चालत असलेलं दुकान दुकानदार बंद करत नाही, जागा बंद करते. सामोवार गॅलरीच्या इमारतीत होतं, जागा गॅलरीची, त्यावरून बरीच वर्षं कोर्टबाजी झाली आणि शेवटी जागा सोडायची ठरली. 31 मार्च 2015 शेवटचा दिवस. कोणाचं बरोबर कोणाचं चूक यात मी पडत नाही, गॅलरीलाही तिची गरज असेल. 1952 पासून उभी आहे ती, सर कावसजी जहांगीरांच्या देणगीतून त्यांच्या गेलेल्या मुलाच्या नावाने बांधलेली, तिथे चित्रं दाखवणं हेच तिचं काम.

पण तुझ्या प्रश्नात जे खरं आहे ते असं की फोर्टमधली यातली बरीचशी हॉटेलं, पुस्तकांची दुकानं, रेकॉर्डची दुकानं जुन्या भाड्यावर उभी होती. जुन्या भाडे कायद्याने भाडी गोठवून ठेवलेली, त्यामुळे चहाच्या कपावर तीन तास बसू देणं परवडायचं. हे आपण रोमँटिक होताना विसरतो. तो वेटरचा दिलदारपणा होताच, पण त्याच्या खाली कुठेतरी स्वस्त चौरस फूटही होते. भाडं आजच्या बाजाराचं झालं की प्रत्येक खुर्चीने तासाला अमुक इतके कमवायला पाहिजेत असा हिशोब सुरू होतो, आणि मग चार जणांत एक बिअर घेऊन बसलेले आम्ही म्हणजे नुकसान. दुसरं म्हणजे पुढची पिढी. ती शिकली, परदेशी गेली, तिला पहाटे पाव उतरवून घ्यायचे नाहीयेत, आणि का घ्यावेत. तिसरं लायसन. दारूच्या लायसनची फी दरवर्षी भरायची असते आणि ती काही कमी होत नाही.

सामोवार मार्च 2015, रेकॉर्डवालं रिदम हाऊस फेब्रुवारी 2016, स्ट्रँड बुक स्टॉल फेब्रुवारी 2018. तीन वर्षांच्या आत, चालत दहा मिनिटांच्या टापूत. त्या काळात आम्ही मित्र एकमेकांना फोन करायचो तो "आता काय गेलं" विचारायलाच.

शेवटच्या आठवड्यात सामोवारला रांगा लागल्या होत्या. मीही गेलो. टेबल मिळालं नाही. चरफडत बाहेर आलो की ही सगळी गर्दी इतके दिवस कुठे होती, आणि मग पायरीवरच लक्षात आलं की मी स्वतः त्याआधी दीड वर्ष फिरकलो नव्हतो.

प्रश्न : आपण मराठी मासिकात दारू मिळणाऱ्या जागेचे एवढे कौतुक करता याचे आश्चर्य वाटते. उद्या गुत्त्यांच्याही आठवणी छापाल. (पुणे, सदाशिव पेठ)

काका, छापू की! नमस्कार, आणि पत्र इतकं सुवाच्य अक्षरात लिहिल्याबद्दल आधी आभार, हल्ली असं अक्षर बघायला मिळत नाही.

सामोवारमध्ये बहुतेक लोक चहा प्यायचे, हे एक. आणि बिअर पिणारे होते त्यांच्यात बायकाही होत्या, हे दुसरं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला आवडणार नाही कदाचित पण ऐकून घ्या. त्या काळचा मुंबईतला बार म्हणजे काय, तर बाहेर काळ्या काचेचा दरवाजा, आत एसी आणि अंधार, दुपारी बारा वाजता सुद्धा आत रात्र. लाल दिवा, उकडलेले शेंगदाणे, टीव्हीवर क्रिकेट. बाई आत आलीच तर सगळ्या माना वळणार, मग मालक तिला आणि तिच्या नवऱ्याला वरच्या माळ्यावर "फॅमिली रूम"मध्ये पाठवणार. आमच्या जाहिरात एजन्सीत कॉपी लिहिणारी एक बाई होती, आमच्या सगळ्यांची सीनियर, ती एकटी सामोवारला जाऊन बसायची. एक बिअर, एक पराठा, पुढ्यात वही. कोणी मान वळवायचं नाही. ती मला एकदा म्हणाली होती की बिअर तर घरी फ्रिजमध्ये पण आहे रे, पण घरी कोणी ना कोणी विचारतंच, काय झालं, बरं वाटत नाहीये का.

तर काका, कौतुक बाटलीचं नाही. आणि गुत्त्याच्या खरंच कोणाकडे चांगल्या आठवणी असतील तर पाठवा, नाव छापणार नाही.

प्रश्न : बारच्या पाटीवर "परमिट रूम" का लिहितात? कोणाकडेच परमिट नसतं. (सातारा)

बरोबर पकडलंत. ही पाटी म्हणजे दारूबंदीची उरलेली शेपटी आहे. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला, 1950 पासून संपूर्ण बंदी. त्या काळात प्यायची तर परमिट काढायचं, आणि परमिट मिळायचं ते तब्येतीसाठी. हसू नका, अजूनही परमिटच्या कागदावर प्रकृती राखण्यासाठी दारू लागते अशा अर्थाची ओळ असते. ज्यांच्याकडे परमिट नाही ते चोरून दारू विकणाऱ्या आंटीच्या अड्ड्यावर. धोबी तलाव, वांद्रे, माहीम इकडे घराच्या बाहेरच्या खोलीत दोन बाकडी टाकून चालायचे ते, त्यावर वेगळा लेख होईल.

साठच्या दशकात कायदा सैल व्हायला लागला, सत्तरच्या सुरुवातीला अजून सैल झाला, मग ठिकठिकाणी परमिट रूम निघाल्या, म्हणजे परमिटवाल्यांनी बसून प्यायची खोली. कित्येक इराणी हॉटेलांनी पण तेव्हा बिअरचं लायसन घेतलं, पुढे बनमस्का आणि मागे बिअर. कायदा गेलेला नाही. आजही महाराष्ट्रात प्यायला परमिट लागतं, वर्षाचं मिळतं, आजन्म मिळतं, आणि एका दिवसाचं पाच रुपयांचं बारवाल्याने तुमच्या नावावर फाडायचं असतं, देशीसाठी दोन रुपयांचं. वयाचं पण तसंच आहे, बिअरला 21, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला 25. पंचविशीच्या आत व्हिस्की पिणारे सगळे कायद्याने गुन्हेगार, आणि परमिट न बाळगणारे आपण सगळेही. मी एकदा हौसेने आजन्म परमिट काढायचं ठरवलं होतं, फॉर्म आणला, मग बायकोने विचारलं, "आजन्म?" आणि तो फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे.

प्रश्न : मी 1979 ते 88 फोर्टमध्ये नोकरीला होतो, नंतर इकडे आलो. काळ्या घोड्याला वेसाईड इन होतं, तिथे अरुण कोलटकर बसायचे म्हणतात. मी कित्येकदा तिथे जेवलोय, मला कधी कळलंच नाही! आता तिथे काय आहे? (एडिसन, न्यू जर्सी)

काका, तुम्ही एकटे नाही. बहुतेकांना कळलं नसेल, कारण कोलटकर काही "मी कवी" अशी पाटी लावून बसायचे नाहीत. लांब केस, मोठ्या मिशा, बाकी शांत. मूळचे कोल्हापूरचे, जेजेत शिकलेले, पोटापाण्यासाठी जाहिरातीतलं काम, त्यात सुद्धा एक नंबरचे. आमच्या धंद्यातली जुनी माणसं त्यांना आधी आर्टिस्ट म्हणून ओळखायची आणि मग कवी म्हणून. गुरुवारी दुपारी वेसाईडला मित्रांबरोबर बसायचे. खिडकीतून समोरचा तो ट्रॅफिक आयलंड दिसायचा, जिथे आता गाड्या लावतात, आणि त्या तिकोन्यावरची कुत्री, झाडूवाल्या, इडली विकणारी बाई, तिच्याभोवती जमणारी फाटकी माणसं हे सगळं त्यांच्या इंग्रजी कवितांत आलं. ते पुस्तक, "काळा घोडा पोएम्स", आलं 2004 ला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले.

गंमत बघा, ज्या खिडकीतून ते दिसलं ती खिडकी पुस्तक यायच्या आधीच गेली होती. वेसाईड बंद झाल्यावर त्यांचा गुरुवार फोर्टातल्या मिलिटरी कॅफेत हलला. वेसाईडबद्दल जुनी माणसं अजून एक सांगायची, की बाबासाहेब आंबेडकर तिथल्या एका टेबलावर बसून काम करायचे, राज्यघटनेचं सुद्धा. तसा बोर्ड वगैरे काही लागला नाही कधी.

जागा म्हणाल तर दुभाष मार्गावर, रिदम हाऊसच्या भिंतीला लागून. माझ्या डोळ्यांसमोर लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ येतात आणि ती जेवणाची साहेबी पद्धत. तुम्ही जेवलायत म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. मी जाहिरातीत नवीन लागलो तेव्हा आमचा आर्ट डायरेक्टर पगाराच्या दिवशी घेऊन जायचा. त्याचं एक होतं, खिडकीचं टेबल मिळेपर्यंत बाहेर उभं राहायचं, आत दुसरी रिकामी असली तरी. आम्ही भुकेने कळवळायचो. तो म्हणायचा, जेवायला कुठेही जाता येतं.

वेसाईडच्या जागी नंतर दुसरं रेस्टॉरंट आलं, चकाचक. रिदम हाऊसचं शटर बंद झालं. आणि काळा घोडा, ज्याच्यामुळे नाव पडलं तो इंग्रज राजा एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा तर 1965 लाच उचलून राणीच्या बागेत नेला होता, म्हणजे तुम्ही नोकरीला लागलात तेव्हाही तिथे घोडा नव्हता आणि सगळे काळा घोडाच म्हणायचे. आता 2017 पासून एक नवा घोडा उभा केलाय, वर स्वार नाही. बरा आहे, पोरं फोटो काढतात. पुढच्या वेळी भारतात आलात तर मिलिटरी कॅफेत जा, 1933 पासूनचं आहे, खिमा-पाव आणि बिअर. कुलाब्याला मोंडेगार आहे, भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं, आपल्या गोव्याची माणसं दात काढून हसतायत त्यावर. तिथे गाणी मोठ्याने लागलेली असतात हा त्रास आहे, पण दुपारी तीनला गेलं तर बोलता येतं.

प्रश्न : आठवणी पुरे, रेसिपी द्या! खिमा पराठा आणि पुदिना चहा. (कोल्हापूर)

वा, आली कोल्हापूरकरीण. सामोवारच्या किचनची रेसिपी माझ्याकडे नाही, ही आमच्या घरची, खाऊन खाऊन जमवलेली.

चहा सोपा. पाणी उकळलं की ठेचलेलं आलं घाला, दोन मिनिटांनी चहापत्ती, गॅस बंद, मग मूठभर पुदिना हातानेच चुरडून टाका आणि झाकण ठेवा. पुदिना उकळायचा नाही, उकळला की काढा होतो आणि मग घरातले सर्दी झाल्यासारखे तोंड करून पितात. दूध नको. लिंबाचे दोन थेंब चालतील.

पराठ्यात सगळा खेळ पाण्याचा आहे. खिमा कांदा-आलं-लसणीवर परतून शिजवलात की त्याचं अंगचं पाणी पूर्ण आटू द्या, मोठ्या आचेवर, कढईला चिकटायला लागेपर्यंत. मग ताटात पसरून एकदम गार करा. गरम खिमा भरलात की वाफेने कणीक सैल पडते आणि पराठा तव्यावर फाटतो, माझे पहिले सहा फाटले होते, ते आम्ही खिमा-पोळीचा कुस्करा म्हणून खाल्ले. कोथिंबीर आणि हिरवी मिरची गार झाल्यावरच मिसळा. कणीक पुरणपोळीला भिजवतो त्याहून घट्ट आणि रोजच्या पोळीहून किंचित सैल. तुम्ही कोल्हापूरच्या म्हणजे कांदा-लसूण चटणी घालणारच, मी नको म्हणून काय थांबणार आहात.

प्रश्न : तुमची ती ओळ वाचली. माझे बाबा फोर्टातल्या एका रेस्टॉरंट-बारमध्ये 27 वर्षं वेटर होते. ते बंद झालं तेव्हा पेपरात आलं, गिऱ्हाइकांनी हळहळ व्यक्त केली, फोटो आले. बाबांना थोडेसे पैसे हातात मिळाले आणि ते गावी गेले. अशा लेखांत वेटर नेहमी हसतमुख असतो आणि त्याला नाव नसतं. राग नाही, पण सांगावंसं वाटलं. (चिपळूण)

ताई, तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं कारण दोन दिवस उत्तर सुचत नव्हतं. वर मी जे सगळं लिहिलंय त्यात पाणी ओतणारा वेटर आहे, "बारिश तो रुकने दो" म्हणणारा. चाळीस वर्षं मी त्याची गोष्ट सांगतोय. त्याचं नाव मला माहीत नाही. विचारलंच नाही कधी. तो कुठला होता, कुठे राहायचा, शेवटची गाडी पकडायचा का तिथेच फोर्टात कुठे खोलीवर दहा जणांत झोपायचा, काही माहीत नाही. त्याचा चेहरा सुद्धा आता नीट आठवत नाही, पाण्याचा जग आठवतो, स्टीलचा, तोंडाशी पोचा आलेला.

आणि तुमचं पत्र वाचल्यावर मी तो अडीच तासांचा हिशोब उलट बाजूने करून बघितला. टेबल अडवलेलं, चौघांची मिळून टीप एक रुपया, फार तर दोन. दारात उभे असलेले लोक बसले असते, जेवले असते, तर त्याला त्या दुपारी बऱ्यापैकी काही मिळालं असतं. म्हणजे आमच्या पावसाचे पैसे त्याने भरले. हे मला इतकी वर्षं सुचलं नाही, कमाल आहे.

बाबांना माझा नमस्कार सांगा. ते बोलायला तयार असतील तर एक विचाराल का, गिऱ्हाईक मागेपर्यंत बिल न्यायचं नाही हे त्यांच्याकडे मालक सांगायचा, की जुने वेटर नव्यांना शिकवायचे, की ज्याचं त्याला वाटायचं? आणि आमच्यासारखे एका बाटलीवर बसणारे चार जण आले की आत किचनजवळ ते एकमेकांत आम्हाला काय म्हणायचे? काहीतरी शब्द असणारच. शिवी असली तरी चालेल. ते सांगतील तसं तुम्ही लिहून पाठवा, पुढच्या अंकात प्रश्न माझे आणि उत्तरं त्यांची छापू, आणि ते हो म्हणाले तर त्यांच्या नावासकट.